टॅरंटुला पाळायचाय? आधी हात आवरा

मोबाईलवर असा एखादा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. कुणाच्या तरी तळहातावर छोट्या बशीएवढा केसाळ कोळी निवांत बसलेला असतो. काळेभोर पाय आणि गुडघ्यांवर शेंदरी पट्टे. तो पळत नाही, चावतही नाही. खाली लिहिलेलं असतं, ‘अगदी शांत, नवख्यांसाठी उत्तम!’ मग घरातलं एखादं पोर मोबाईल नाचवत येतं. “आई, कुत्रा नको म्हणालीस ना? मग हा चालेल? हा भुंकत नाही, फिरायला न्यावा लागत नाही आणि आठवड्यातून एकदाच जेवतो!”

पोराचं म्हणणं खोटं नाही. टॅरंटुला कमी जागेत राहतो, आवाज करत नाही, त्याला वास येत नाही. चार दिवस गावी गेलात तरी त्याचं काही बिघडत नाही. पण व्हिडिओत न दिसणारी एक गोष्ट आहे. तळहातावर बसलेल्या त्या कोळ्याला तुमचा लळा लागलेला नसतो. पायाखाली काहीतरी ऊबदार, अनोळखी आलंय आणि धोका आहे की नाही हे कळेपर्यंत स्तब्ध राहणं बरं, एवढंच त्याला उमगलेलं असतं. त्याच्या शांतपणाचा हा अर्थ ध्यानात घेतला, तर त्याला पाळणं सोपं जातं. नाही घेतला, तर आपलाच जिव्हाळा त्याच्या जिवावर उठतो.

ओळख लाल गुडघ्यांच्या पाहुण्याची

‘टॅरंटुला’ हे नाव इटलीतल्या टारांटो या गावावरून आलं. तिथला मूळ कोळी वेगळ्याच कुळातला होता. पुढे युरोपी लोक अमेरिकेत पोचले, तिथले थोराड केसाळ कोळी त्यांनी पाहिले आणि तेच नाव त्यांनाही चिकटलं. आज जगभरात टॅरंटुलाच्या हजाराच्या आसपास जाती माहीत आहेत. त्यातल्या मोजक्याच जाती नवशिक्यांनी पाळण्याजोग्या समजल्या जातात. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा ‘रेड-नी’, मध्य अमेरिकेतला कुरळ्या केसांचा ‘कर्ली हेअर’ आणि चिलीचा गुलाबी झाक असलेला ‘चिलीयन रोझ’ ही त्यांतली प्रसिद्ध नावं.

यातला रेड-नी सगळ्यांत देखणा. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या डोंगरउतारांवर, कोरड्या पानगळीच्या जंगलात तो बिळात राहतो. दिवसा आत दडून बसतो. अंधार पडला की बिळाच्या तोंडाशी येतो आणि एखादा किडा टप्प्यात येण्याची वाट पाहतो. पाय पसरले की पूर्ण वाढलेल्या मादीची रुंदी १३ ते १५ सेंटिमीटर भरते. वाढ मात्र अगदी संथ. अंड्यातून निघालेलं पिल्लू काही मिलिमीटरचं असतं आणि त्याला प्रौढ व्हायला बरीच वर्षं लागतात.

आयुष्याचा हिशेब तर त्याहून महत्त्वाचा. मादी २० ते ३० वर्षं जगू शकते. नराचं आयुष्य त्या मानाने खूपच कमी. वयात आल्यावर तो मादीच्या शोधात भटकतो आणि साधारण वर्षभरात, फार तर थोड्या अधिक काळात संपतो. लहान पिल्लू नर आहे की मादी, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यामुळे पिल्लू घरी आणणाऱ्याला दोन्ही गोष्टींची तयारी ठेवावी लागते. मादी निघाली, तर आज आठवीत असलेली तुमची मुलगी नोकरीला लागेल, कदाचित तिचं लग्न होईल, आणि हा प्राणी तेव्हाही त्याच पेटीत जिवंत असेल. मुलगी शिकायला परगावी गेली, तर पाण्याची वाटी कोण भरणार? हा प्रश्न पेटी विकत घेण्याआधी घरात सगळ्यांसमोर विचारा.

‘शांत’ म्हणजे नेमकं काय?

टॅरंटुलाला आठ डोळे असतात, पण नजर अधू. उजेड-अंधार आणि जवळची हालचाल यांपलीकडे त्याला फारसं दिसत नाही. त्याचं जग कंपनांचं असतं. पायांवरचे आणि अंगावरचे बारीक केस जमिनीतला आणि हवेतला हलकासा थरकापही टिपतात. तुम्ही पेटीचं झाकण उघडता, तेव्हा त्याला चेहरा दिसत नाही, हाक ऐकू येत नाही. काहीतरी मोठं हललं, एवढंच त्याला कळतं. कुत्रा माणूस ओळखतो, पोपट आवाज ओळखतो. टॅरंटुलाकडून तशी अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग काही जातींना शांत का म्हणतात? कारण त्या पटकन चिडत नाहीत. डिवचल्यावर लगेच चावा घेण्याऐवजी त्या आधी दूर सरकतात, बिळात शिरतात, नाहीतर पुढचे पाय उचलून इशारा देतात. अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरंटुलांकडे आणखी एक हत्यार असतं. ते मागच्या पायांनी पोटावरचे सूक्ष्म, काटेरी केस झटकतात. हे केस कातडीत रुतले की खाज सुटते, पुरळ उठतं. डोळ्यांत गेले तर प्रकरण गंभीर होतं. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातला एक तरुण आपल्या चिलीयन रोझची काचपेटी घासत होता. कोळ्याने केस उडवले. लाल, पाणावलेला डोळा घेऊन तो काही आठवड्यांनी रुग्णालयात गेला, तेव्हा डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात बारीक केस रुतलेले आढळले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली आहे. कोळी ‘शांत’ जातीचाच होता आणि त्याने कुणाला चावाही घेतला नव्हता.

विषाबद्दल मात्र अवाजवी भीती नको. रेड-नी किंवा चिलीयन रोझ चावला, तर निरोगी माणसाला साधारण गांधीलमाशीच्या डंखाइतका त्रास होतो. ज्यांना किड्यांच्या डंखाची तीव्र ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी तोही धोका मोठा असतो. अशा व्यक्तींनी आणि दमेकऱ्यांनी या छंदापासून लांब राहिलेलं बरं.

खरा धोका उलट्या दिशेने आहे. टॅरंटुलाचं पोट म्हणजे पातळ कातडीची, द्रवाने भरलेली पिशवी. हातावरून फरशीवर पडला तर ती फुटते आणि आतला द्रव वाहून जातो. माणसाच्या कमरेइतक्या उंचीवरून पडणंही त्याच्या मरणाला पुरेसं असतं. हातावर घेतलेला कोळी एकदम धावला, घेणारा दचकला, हात झटकला गेला, की संपलं. म्हणून हौसेने टॅरंटुला पाळणारे अनुभवी लोकसुद्धा त्याला उगाच हातात घेत नाहीत.

पेटी आणण्याआधी कागद

आपल्या देशात हा भाग टाळून पुढे जाताच येत नाही. जुलै २०२१ मध्ये चेन्नई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ छोट्या कुप्या होत्या आणि प्रत्येक कुपीत एक जिवंत कोळी. तज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा त्यांत रेड-नीच्या ब्रॅकिपेल्मा गटातलेही कोळी असल्याचं समोर आलं. कागदपत्रं नव्हती. ते सगळे आल्या वाटेने परत पाठवायचं ठरलं. कुप्यांत कोंबलेल्या त्या जिवांचा हा प्रवास ज्या बाजारासाठी झाला, त्या बाजारात आपलं गिऱ्हाईक म्हणून नाव लागू नये, एवढी काळजी तरी आपण घेऊ शकतो.

रेड-नीला १९८५ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचं संरक्षण आहे. त्याआधी पाळण्यासाठी मेक्सिकोच्या जंगलांतून हे कोळी मोठ्या संख्येने उचलले गेले होते. पुढे ब्रॅकिपेल्मा गटातल्या सगळ्याच जाती या यादीत आल्या. यादीत असणं म्हणजे पाळायला बंदी नव्हे, पण दोन देशांमधला व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. तिच्यामुळे साइट्सच्या यादीतले प्राणी या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. त्यानंतर २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. असा प्राणी तुमच्याकडे असेल, तर त्याची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं.

म्हणून विकणाऱ्याला थेट विचारा. कोळ्याचं शास्त्रीय नाव काय? तो पैदास करून जन्मलेला आहे की रानातून पकडलेला? आयातीचे आणि नोंदणीचे कागद कुठे आहेत? “कोळ्याला कसले कागद मागता राव?” असं उत्तर आलं, तर तिथून निघा. शंका असेल, तर आपल्या भागातल्या वन विभागाच्या कार्यालयात विचारा. कागद मिळणार नसतील, तर प्राणी घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त आणि कितीही देखणा असो.

आता कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? आपल्या सह्याद्रीतही टॅरंटुला आहेत की! आहेत, आणि सुंदर आहेत. पण त्यांना उचलून आणायचा विचारही करू नका. भारतात झाडांच्या ढोलीत राहणारे पोइसिलोथेरिया गटातले टॅरंटुला २०१९ पासून साइट्सच्या यादीत आहेत. त्यांतला आंध्र प्रदेशातला निळाशार ‘गुटी’ कोळी तर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. शिवाय ते नवख्यांसाठी अजिबात नाहीत. आपल्याकडच्या टॅरंटुलांना झटकायला काटेरी केस नसतात, त्यामुळे ते विजेच्या वेगाने पळतात किंवा सरळ चावतात. पोइसिलोथेरियाच्या चाव्याने स्नायूंत असे गोळे येतात की माणूस कित्येक दिवस तळमळतो.

त्याचं घर, आपलं घर

कागद जुळले, घरच्यांचा होकार मिळाला, तर पुढचं काम खरोखर सोपं आहे. मोठ्या रेड-नीला साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी पुरते. ‘मोकळं रान मिळू दे बिचाऱ्याला’ म्हणून भली उंच पेटी आणू नका. हा जमिनीवरचा प्राणी, पण काचेवर चढायचा प्रयत्न करतो आणि उंचावरून पडला तर मरतो. म्हणून पेटीत माती भरपूर भरायची. मातीपासून झाकणापर्यंतची उंची त्याच्या पसरलेल्या पायांच्या रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको.

मातीसाठी खत न घातलेलं कोकोपीट उत्तम. कुंड्यांच्या दुकानात ते सहज मिळतं. त्याचा १० ते १५ सेंटिमीटर थर हाताने घट्ट दाबून द्या. लपायला नारळाची अर्धी करवंटी किंवा फुटक्या कुंडीचा तुकडा पुरतो, फक्त धारदार कडा घासून घ्या. एका कोपऱ्यात उथळ भांड्यात स्वच्छ पाणी कायम हवं. त्यात स्पंज किंवा कापूस घालायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. तो कुजतो. झाकण घट्ट बसणारं असावं, कारण टॅरंटुला अंगाच्या मानाने ताकदवान असतो आणि फट दिसली की निसटतो. हवा खेळायला पेटीच्या बाजूंना बारीक भोकं पाडा. तारेची जाळी मात्र टाळा, तिच्यात पायांची नखं अडकतात.

दिवा, हीटर, गरम चटई यांतलं काहीही भारतातल्या बहुतेक घरांत लागत नाही. २२ ते २८ अंश तापमान त्याला मानवतं. आपल्याला सोसवेल ते त्यालाही सोसवतं, असा ढोबळ अंदाज ठेवा. नागपूर, जयपूर, दिल्लीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा पेटी घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत, खालच्या फडताळात ठेवा. खिडकीत तर कधीच नको. काचेच्या पेटीवर तासभर ऊन पडलं, तरी आत भट्टी होते. मुंबई-कोकणात आणि कोलकात्यात प्रश्न उलटा असतो. पावसाळ्यात मातीवर बुरशी येते, बारीक किडे होतात. तिथे माती कोरडी ठेवा, पाण्याच्या वाटीजवळचा कोपरा तेवढा ओलसर. रेड-नीला दमट चिखल आवडत नाही.

आपल्या घरांतले खरे शत्रू वेगळेच आहेत. डासांची अगरबत्ती, कॉईल, प्लगमध्ये लावायचं औषध, झुरळांचा फवारा, मुंग्यांसाठी ओढायचा विषारी खडू. ही सगळी कीटकनाशकं आहेत आणि कोळ्यालाही मारतात. पेटी ज्या खोलीत असेल, तिथे यांतलं काहीही वापरू नका. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होणार असेल, तर पेटी काही दिवस नातेवाइकांकडे हलवा. मुलाने हात सॅनिटायझरने किंवा डास पळवणाऱ्या मलमाने माखले असतील, तर तेही आधी साबणाने धुऊन टाकायला सांगा.

मुंग्यांवर उपाय आजीला विचारा. दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी पद्धत इथे अगदी फिट बसते. पेटी छोट्या स्टुलावर आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. कात टाकताना हतबल पडलेल्या कोळ्याला मुंग्यांची रांग सहज मारू शकते. फक्त वाट्यांतलं पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची पैदास होईल.

ताटातला प्रश्न

टॅरंटुला भाजीपोळी खात नाही. त्याला जिवंत किडे लागतात. रातकिडे, पाळीव झुरळं, पिठातल्या अळ्या. पूर्ण वाढलेल्याला आठ-दहा दिवसांतून एक-दोन किडे पुरतात, वाढत्या पिल्लाला आठवड्यातून दोनदा बारीकसा घास. किडा त्याच्या पोटाच्या भागाहून मोठा नसावा. तो किड्यावर पाचक रस सोडतो, त्याचं पातळ द्रव करतो आणि शोषून घेतो. मागे राहते ती वाळकी गोळी. ती चिमट्याने काढून टाका. किडा २४ तासांत खाल्ला नाही, तर तोही बाहेर काढा.

स्वयंपाकघरातलं झुरळ पकडून देण्याचा मोह आवरा. त्याने कुठे विष चाटलं असेल, सांगता येत नाही. म्हणजे किडे विकत आणावे लागणार किंवा डब्यात पाळावे लागणार. इथे अनेक घरांत खरी अडचण येते. घर शाकाहारी असेल, आजोबा चातुर्मास पाळत असतील, तर त्यांच्या नजरेसमोर जिवंत किडा पेटीत सोडणं त्यांना क्लेशाचं वाटू शकतं. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका आणि लपवूही नका. पटत नसेल तर टॅरंटुला आणू नये, हे सरळ उत्तर आहे. हा प्राणी दुसरं काही खाऊन जगूच शकत नाही.

आणल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत तो खात नसेल, तर घाबरू नका. नव्या जागेत रुळायला त्याला वेळ लागतो. एरवीही मोठा टॅरंटुला कधीकधी महिनोन्‌महिने उपाशी राहतो. चिलीयन रोझ तर यासाठी प्रसिद्धच आहे. पोट गोलसर आणि भरलेलं दिसतंय आणि वाटीत पाणी आहे, तोवर चिंतेचं कारण नसतं. वारंवार किडा पुढे करणं, चिमट्याने ढोसणं, पेटी हलवून ‘जिवंत आहे ना?’ पाहणं, यानेच त्याचं जास्त नुकसान होतं. अन्नापेक्षा पाण्याची वाटी महत्त्वाची, ती कधी कोरडी पडू देऊ नका.

पाठीवर पडलाय? हात लावू नका!

टॅरंटुला पाळणाऱ्या घरात एक सकाळ हमखास येते. कोळी पाठीवर उताणा पडलेला दिसतो, आठही पाय वर. घरात धावपळ होते. कुणी म्हणतं मेला, कुणी त्याला सरळ करायला जातं. नेमकं तेच करायचं नसतं.

तो कात टाकत असतो. सापासारखीच कोळ्याचीही वाढ कात टाकूनच होते. पिल्लं वर्षातून बऱ्याच वेळा कात टाकतात, प्रौढ मादी वर्षा-दोन वर्षांतून एकदा. त्याआधी काही आठवडे तो खाणं सोडतो, सुस्तावतो, रंग मलूल होतो. पोटावर केस झडून टक्कल पडलं असेल, तर ती जागा काळपट दिसू लागते. मग जाळ्याची चटई विणून तो तिच्यावर उताणा होतो आणि काही तासांत जुन्या कवचातून एकेक पाय सोडवून घेतो. या वेळी त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. बोट लागलं तरी इजा होते. पेटीत राहिलेला एखादा रातकिडा त्याला कुरतडून मारू शकतो. म्हणून खाणं सोडल्याचं दिसलं की जिवंत किडे बाहेर काढायचे, पाणी भरून ठेवायचं आणि लांब बसायचं.

कात टाकून झाल्यावर विषदंतही सुरुवातीला पांढरे, मऊ असतात. ते काळेभोर आणि टणक व्हायला वेळ लागतो. मोठ्या कोळ्याला तोपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दोन आठवडे, काही खायला देऊ नका. टाकलेली कात मात्र जपून ठेवा. तिच्यात दात, पाय, केस सगळं जसंच्या तसं असतं. जाणकार माणूस कातीच्या आतल्या भागावरून नर की मादी हेही सांगू शकतो. पूर्वी तुटलेला पाय कात टाकल्यावर नव्याने फुटलेला दिसला, तर मुलांसाठी याहून चांगला जीवशास्त्राचा तास नाही.

मग मेलेला कोळी ओळखायचा कसा? टॅरंटुलाच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय पसरवणारे स्नायू नसतात. आतल्या द्रवाच्या दाबाने ते पसरतात. दाब गेला की पाय मुठीसारखे आत वळतात. म्हणजे कोळी पाठीवर उताणा असेल तर कात, आणि पोटावर बसून पाय खाली आवळले असतील तर संकट. अनेकदा ते पाण्याच्या टंचाईचं लक्षण असतं. अशा वेळी त्याच्या तोंडाशी पाणी येईल असा उथळ वाटीच्या कडेला त्याला अलगद ठेवा आणि विदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याशी बोला. असे डॉक्टर मोठ्या शहरांतही थोडेच सापडतात, म्हणून फोन नंबर प्राणी आणण्याआधीच मिळवून ठेवलेला बरा.

मुलांसाठी घरचे नियम

पेटी उघडताना एक मोठं माणूस शेजारी हवंच. तोंड पेटीच्या वर न्यायचं नाही, चष्मा असेल तर तो घालायचा. पाणी भरणं, वाळकी गोळी काढणं, सगळं लांब चिमट्याने. कोळ्याला हलवायचं असेल, तर पारदर्शक डबा त्याच्यावर अलगद पालथा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि उचलायचं. तेही जमिनीवर बसून, उभं राहून नाही. काम झालं की हात साबणाने धुवायचे. केस अंगाला लागून खाज सुटली, तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून हळूच ओढायची, केस निघून येतात. डोळ्याला काही झालं, तर घरगुती उपाय करत बसू नका, नेत्रतज्ज्ञाकडे जा. चावा घेतला, तर जखम धुऊन बर्फ लावा. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तर लगेच रुग्णालय गाठा.

आणि कंटाळा आला म्हणून त्याला बागेत किंवा टेकडीवर सोडणं, हा पर्यायच नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मध्य अमेरिकेतले परके टॅरंटुला असेच रानात रुजले आहेत. इथे एकतर तो मरेल, नाहीतर इथल्या जिवांना उपद्रव देईल. द्यायचाच झाला, तर नोंद करून जबाबदार माणसाच्या हाती द्या.

हे सगळं वाचून तुमच्या घरात ‘नाही जमायचं’ असं ठरलं, तरी मुलाचं कुतूहल वाया जाऊ देऊ नका. ट्यूबलाइटजवळ टुणकन उडी मारणारा छोटा कोळी तुमच्या भिंतीवरही असेल. ठाणे जिल्ह्यात सापडलेल्या अशाच एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये ‘इसियस तुकारामी’ हे नाव मिळालं. २६/११ च्या हल्ल्यात प्राण देणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते ठेवलं गेलं. मुलाला एक भिंग आणि वही द्या. भिंतीवरच्या कोळ्याने आज काय पकडलं, जाळं कधी विणलं, कात कुठे टाकली, हे त्याला महिनाभर टिपून ठेवायला सांगा.

महिन्याभरानंतरही वही भरत राहिली, हात न लावता पाहत बसण्यात त्याला गोडी वाटली, तर टॅरंटुलाच्या पेटीचा विषय पुन्हा काढायला हरकत नाही. तोवर कागदपत्रांची चौकशी करून ठेवा.